उलट्या पिळाचं दावं

माझा ट्रक दलालाने विकला. मी इसार दिलेला, हातावर हात मारून घेतलेला, माझं दावं बांधलेला विलायती ट्रक त्याने नागपूरच्या मोटारविक्रेत्याशी संगनमत करून दुसऱ्याच्या घशात घातला आणि मला सांगितलं, की सरकारने कर वाढवला. तेव्हापासून लोक मला समजावत आले आहेत, की भाऊ, तुमचा ट्रक करानं खाल्ला. करानं नाही खाल्ला. माणसानं खाल्ला, आणि तो माणूस कोण हे मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे आणि चामोर्शीच्या बाजारातल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे.

मी हे रागाने लिहितो आहे. माझा राग बाजारात प्रसिद्ध होता. माझ्याशी बैलाचा सौदा करायचा तर लोक आधी मला पान खायला घालायचे, म्हणजे निदान तोंड भरलेलं असताना मी शिव्या देणार नाही. पण राग आला म्हणून मी कधी शब्द फिरवला नाही, हेही तेच लोक सांगतील.

मला बापाकडून काही मिळालं नव्हतं. दुसऱ्याच्या बंडीवर गडी म्हणून मी सुरुवात केली. आलापल्लीकडच्या जंगलातलं सागवान बंडीत भरायचं, वैनगंगा ओलांडायची आणि बल्लारशाच्या रेल्वे स्टेशनावर नेऊन टाकायचं. पुढे स्वतःची बंडी झाली, मग बंड्या झाल्या, बैलांची खरेदी-विक्रीही करू लागलो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पलटणीतले जुने ट्रक लिलावात निघाले आणि जंगलातले मोठे ठेकेदार ते घेऊन आले. माझ्या बैलांना मागे टाकून धूळ उडवत जाणारा पहिला ट्रक मी पाहिला, तेव्हाच मला कळलं की बंडीचे दिवस भरले. बाकीचे बंडीवाले त्या ट्रकला दगड मारायचे. मी मारला नाही. मी ठरवलं, की आपण ट्रक घ्यायचा, आणि जुना नाही, नवा.

तेव्हा नवा चांगला ट्रक म्हणजे विलायती. बोटीतून नुसता सांगाडा यायचा आणि मागचा लाकडी हौदा नागपुरात सुतार बांधून द्यायचे. अशा खरेदीत मला ओळख पाहिजे होती आणि ती त्या दलालाकडे होती. तो आमच्याच बाजारातला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. बैलाच्या दातावरून, चालीवरून तो जे सांगायचा ते खोटं निघायचं नाही. ठेकेदारांना पलटणीचे ट्रक मिळवून देता देता तो बैलांवरून मोटारींवर गेला होता. मी त्याला भाऊ म्हणायचो.

आता आमच्या बैलबाजाराची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं त्यावर आहे. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपला रुमाल पसरतो, त्याखाली घेणारा आणि विकणारा एकमेकांची बोटं दाबतात, आणि किती बोटं दाबली ते त्या तिघांशिवाय कोणाला कळत नाही. जुळलं, की रुमाल काढून हातावर हात मारायचा. मग विकणारा बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घेतो आणि घेणारा स्वतःचं नवं दावं बांधतो. दावं बांधलं की बैल त्याचा. तो तिथल्या तिथे मेला तर नुकसान घेणाऱ्याचं, आणि त्याच घटकेला भाव दुप्पट झाला तर नशीब घेणाऱ्याचं. सौदा मोडायचा असेल तर घेणाऱ्याने आपल्या हाताने दावं सोडायचं आणि इसार परत घ्यायचा. दुसऱ्या कोणी त्या दाव्याला हात लावायचा नाही. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, तशी कधी गरजही पडली नाही.

नागपूरला जाताना मी सोबत दावं घेऊन गेलो. अंबाडीचं, मीच वळलेलं. मी डावखुरा, म्हणून माझ्या दोराचा पीळ उलटा पडतो. आमच्या बाजारात लांबून दावं पाहून सांगायचे, की हे जनावर त्या डावऱ्याचं.

विक्रेत्याच्या वाड्यात सांगाडा उभा होता. बोटीवरून उतरून, रेल्वेने येऊन, तिथे येऊन पडलेला. त्यावर चिमण्यांची घाण होती, म्हणजे काही दिवस उभा असणार. विक्रेता गादीवर बसून तोंडाने भाव सांगू लागला. मी दलालाकडे पाहिलं. दलाल हसला आणि त्याने रुमाल काढला.

"शेठ, आमच्या भाऊले तोंडाचा भाव समजत नाई. हात द्या."

शेठलाही मजा वाटली. त्याने रुमालाखाली हात घातला. त्याचा हात मऊ होता, बोटं दाबायची सवय नव्हती, दोनदा चुकला. मी घासाघीस सोडली नाही. दलाल मध्येच म्हणाला, "आता पुरे गा, शेठची बोटं मोडून राह्यला तू." शेवटी जुळलं. मी शेठच्या हातावर हात मारला, इसार मोजून दिला आणि उठून सांगाड्याजवळ गेलो.

"शेठ, तुमचं दावं काढा," दलाल म्हणाला. शेठला कळेना. चाकाला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला होता, दलालाने तोच सोडून त्याच्या हातात दिला. मग मी माझं दावं पुढच्या लोखंडी आकड्याला बांधलं. वाड्यातले हमाल हसत होते. शेठचा मुनीम म्हणाला, पावती करून देतो, थांबा. मी म्हणालो, हात मारल्यावर कागद कशाला? आमच्याकडे हात मारल्यानंतर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं आहे. लोक म्हणतात तिथे मी चुकलो. मी आजही त्याला चूक म्हणत नाही. साक्षीला दलाल होता. रुमाल त्याचा होता.

हौदा बांधून व्हायला वेळ लागणार होता. होळीच्या सुमाराला गाडी न्या, असं ठरलं. मी घरी आलो आणि इसारासाठी उसने घेतलेले पैसे फेडायला बैल विकायला काढले, बंड्या विकल्या. लाकडाच्या एका व्यापाऱ्याने शब्द दिला होता, की होळीनंतर ट्रक घेऊन ये, पाऊस लागेपर्यंतची सगळी वाहतूक तुझी. त्या एका हंगामात ट्रकची उरलेली रक्कम फिटली असती. बायको म्हणाली, एक जोडी तरी ठेवा. मी ठेवली नाही. शेवटची जोडी घेऊन माणूस गेला तेव्हा ती अंगणात उभी होती, मग गोठा झाडायला लागली.

मग महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली. नदीच्या वाळूत दुकानं लागली होती. तिथेच बातमी आली. बल्लारशाकडून आलेल्या एका मास्तराने चहाच्या दुकानात बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, की दिल्लीच्या सरकारने परदेशातून येणाऱ्या मोटारींवरचा कर वाढवला.

मला वाटलं होतं, असल्या बातमीशी आमच्या लोकांना काय करायचं आहे? पण सगळ्या जत्रेत तीच बातमी झाली. मास्तर म्हणाले, फार चांगलं झालं, आपला देश आता आपल्या मोटारी करील, परदेशाला पैसा जाणार नाही. बंडीवाल्यांनी तर नारळ फोडला. खरंच फोडला, आणि प्रसाद वाटत मलाही आणून दिला.

"घ्या भाऊ, तुमच्या मोटारीचा परसाद."

"बैलं विकून हत्ती घ्यायले गेले होते ना? आता सोंड तरी भेटन का?"

"काऊन छेडता गा त्यायले," मासे घेऊन बसलेली एक ढिवराची बाई म्हणाली. "मले एवढं सांगा, मासोळीच्या टोपलीवर तं नाई ना लावला कर?"

"टोपली विलायतहून आणली असन तं लागन, बाई."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मला चिंता नव्हती. मी म्हणालो, माझा सांगाडा कराच्या आधीच आलेला आहे. दावं बांधलेलं आहे. आता भाव वाढला तर तो माझ्या घरात वाढला. उद्या विकतो म्हटलं तर चार पैसे जास्तच येतील. हे मी भर जत्रेत सांगितलं. बंडीवाल्यांची तोंडं उतरली. त्यांनाही रीत माहीत होती.

दोन दिवसांनी दलाल माझ्या घरी आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "गड्या, शेठचा निरोप आहे. करामुळे भाव बदलला."

"आपला सौदा कराच्या आधीचा आहे."

"ते खरं आहे. पण सरकारापुढे शेठ काय करन?"

मी त्याच पावली त्याला घेऊन नागपूरला गेलो. माझ्या सांगाड्यावर हौदा चढला होता, सुतार रंग देत होते, पुढे माझं दावं लोंबत होतं. शेठ या वेळी गादीवरून उठला नाही. त्याने नवा भाव तोंडाने सांगितला. मी म्हणालो, भाव रुमालाखाली ठरला आहे. शेठ म्हणाला, "रुमाल वगैरे बाजारात चालतं. हा सरकारी कर आहे. पटत नसेल तर इसार घेऊन जा." आणि त्याने मुनिमाला पैसे आणायला सांगितलं.

मी दलालाकडे वळलो. "भाऊ, सांगा यायले."

दलाल रुमालाने तोंड पुसत होता. म्हणाला, "घेऊन टाक इसार. कर तुह्या माह्या हातात आहे काय?"

मी इसार घेतला नाही. घेतला असता तर सौदा मोडला असता. मी शेठला जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, हमालांनी मला धरून बाहेर काढलं. मला वाटलं, चामोर्शीच्या बाजारात दलाल खरं सांगेल. तिथे मला सगळे ओळखतात, त्यालाही ओळखतात.

बाजारच्या दिवशी चिंचेखाली जुनी माणसं बसली होती. मी सगळं सांगितलं आणि दलालाला विचारलं, सौदा झाला होता की नाही?

"झाला होता," तो म्हणाला. "कर वाढला नसता तं आज गाडी याच्या दारात असती."

एवढंच बोलला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी विचारलं नाही, की नव्या कराचा जुन्या गाडीशी काय संबंध? मला वाटलं होतं विचारतील. पण त्या दिवसांत त्या एका शब्दावर सगळ्यांचं चाललं होतं. मीठवाल्याने मिठाचा भाव वाढवला होता, कर लागला म्हणून. चांद्याहून येणाऱ्या खटारा मोटारीचं भाडं वाढलं, ती मोटार माझ्या लग्नाच्या आधीपासून धावत होती. ठेकेदारांनी आपल्या जुन्या ट्रकांचे दर वाढवले. चिंचेखाली बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कराच्या नावावर कोणाकडून तरी चार पैसे जास्त घेतले होते आणि निम्म्यांनी दिले होते. तिथे मी एकटाच म्हणत होतो की हा कर खोटा आहे. नारळ फोडणारे बंडीवाले भाडं वाढलं म्हणून बोटं मोडत होते, पण सरकारच्या नावाने, मोटारमालकाच्या नाही.

होळी झाली. व्यापाऱ्याने माझी वाट पाहिली आणि वाहतूक दुसऱ्याला दिली. मला बंडी नव्हती, बैल नव्हते, ट्रक नव्हता. सासऱ्याने आपली एक जोडी उसनी दिली. ती घेऊन मी वैनगंगेवर जाऊन बसलो. नदीवर तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूवर बांबूच्या ताट्या टाकून वाट करायचे. ताटीवरून चाक घसरलं की ट्रक वाळूत रुतायचा, मग पुढे बैल जुंपून तो ओढून काढावा लागे. ज्या ट्रकांचा मालक व्हायचं होतं, ते मी उसन्या बैलांनी ओढून देत होतो. भावही मी घासून घ्यायचो. रुतलेला माणूस फार घासाघीस करत नाही.

चैत्रातल्या एका दुपारी नवा ट्रक आला आणि मधोमध रुतला. हिरवा रंग, अजून कुठे खरचटलं नव्हतं. आत ड्रायव्हरशेजारी ठेकेदार बसला होता, आलापल्लीकडचा मोठा. मी खाली उभा राहून भाव सांगितला, त्याने हो म्हटलं. बैल पुढे घेतले आणि साखळी अडकवायला वाकलो.

आकड्याला दावं होतं. धुळीने काळं झालेलं, खालचं टोक तुटलेलं. पीळ उलटा होता.

मी तसाच वाळूत बसून राहिलो. ड्रायव्हर वरून ओरडला, "काय झालं गा?"

"हे दावं कोणाचं?"

"ते तं आधीपासूनच होतं. पूजेचं असन म्हणून सोडलं नाई."

ठेकेदार खाली उतरला. मला ओळखत नव्हता. मी आवाज चढवला नाही, आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं, "ठेकेदारसाहेब, कर वाढल्यावर ही गाडी फार महाग पडली असन?"

तो खुशीत होता. म्हणाला, "छे. जुन्याच भावानं घेतली. कराच्या आधीच उतरली होती ना ही. पहिला गिऱ्हाईक ऐन वेळी हटला म्हणे. तुमच्या चामोर्शीच्याच दलालानं जमवून दिली."

म्हणजे मला नवा भाव आणि त्याला जुना. तो दर वर्षी गाड्या घेणारा माणूस, त्याला खूश ठेवलं की शेठचा पुढचा धंदा पक्का आणि दलालाची दलाली पक्की. मी एक गाडी घेणारा डावरा बंडीवाला. मला हटवायला त्यांना निमित्त पाहिजे होतं, ते दिल्लीहून आलं.

मी ठेकेदाराला सांगितलं, की पहिला गिऱ्हाईक मी, आणि मी हटलेलो नाही. त्याने दाव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो बैलबाजार जाणणारा माणूस होता. म्हणाला, "मग हे सोडून घेऊन जा, आणि मिटवून टाक. मी तुले ह्याचे पैसे देतो." गाडीचे नाही, दोराचे.

मी साखळी काढली, बैल सोडले आणि काठावर येऊन बसलो. दावं सोडलं नाही. ठेकेदार बराच वेळ उन्हात उभा राहिला. शेवटी माझ्यामागे बसलेले दोन बंडीवाले उठले आणि त्यांनी आपले बैल जुंपून ट्रक ओढून दिला. ज्यांनी जत्रेत नारळ फोडला होता, तेच. ट्रक माझ्यासमोरून गेला तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "आम्ही काय करावं भाऊ, पोट आहे."

त्या बाजाराला मी दलालाला गाठलं. तो म्हणाला, "रुमालाखालची गोष्ट रुमालाखाली राहू दे." मी त्याचा रुमाल त्याच्या खांद्यावरून ओढून घेतला आणि धुळीत टाकला. लोकांनी मलाच धरलं. जुनी माणसं म्हणाली, एवढा संताप चांगला नाही, कर सगळ्यांनाच लागला.

पुढे मी ट्रक घेतला, देशी, उशिरा आणि कर्जाने. मग दुसरा घेतला. लोक म्हणतात, आता काय राहिलं? इसार शेठकडे राहिला. एक हंगाम राहिला. बायकोने झाडलेला तो रिकामा गोठा राहिला. त्या वाड्यात शेठ आता नाही, पेढी बंद झाली. दलाल मात्र आहे. बाजारच्या दिवशी मुलाच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसतो, खांद्यावर तसाच रुमाल असतो, आणि नवे लोक त्याला बैलाचे दात विचारायला येतात.

मी माझं दावं अजून सोडलेलं नाही. माझ्या हाताने सुटलं नाही आणि इसार परत आला नाही, म्हणजे आमच्या रीतीने तो सौदा आजही उभा आहे. त्या दलालाने खुर्चीवरून उठावं, चिंचेखाली यावं आणि कराचं नाव न घेता सगळ्यांसमोर सांगावं, की पहिला गिऱ्हाईक हटला हे ठेकेदाराला कोणी सांगितलं होतं. आणि त्या दिवशी माना हलवणाऱ्यांपैकी जे जिवंत आहेत, त्यांनी या वेळी तरी त्याला उत्तर दिल्याशिवाय उठू देऊ नये.